थर पुसण्याआधी

तीन आठवड्यांचे बाळ अंगावर पिता पिता मध्येच तोंड सोडून रडते. पुन्हा लावले की दोन घोट घेते, पुन्हा सोडते. घरातली जाणती बाई त्याची जीभ बघते. पांढरे दिसते म्हणून, दूध साचले असेल असे समजून, बोटाला ओले फडके गुंडाळून पुसायला जाते. दूध असेल तर ते सहज निघते. पण काही बाळांच्या तोंडातून ते निघत नाही. जिभेबरोबर गालांच्या आतून, हिरड्यांवर, टाळूवरही पांढरे चट्टे असतात. जोर केला तर चट्टा सुटतो, खालची त्वचा लाल होऊन उघडी पडते, कधी रक्त येते. त्याच घरात पडवीत बसलेल्या आजोबांना कवळीखाली जळजळ होत असते; तिखट सोसत नाही म्हणून ते ताक-भातावर जेवण उरकतात. दम्यासाठी रोज पंप ओढणाऱ्या काकूंचा घसा खवखवतो, चव गेलेली असते. तिघांची दुखणी वेगळी वाटतात, पण अनेकदा ती एकाच बुरशीची असतात.

कॅन्डिडा अल्बिकन्स हे तिचे शास्त्रीय नाव. निरोगी माणसांपैकी जवळपास निम्म्यांच्या तोंडात ती मुळातच असते, गोलसर पेशींच्या रूपात, कुणाला काही त्रास न देता. भाताचे रोप दाट असते तोवर तण डोके वर काढत नाही, तसे तोंडातले असंख्य जिवाणू, सतत पाझरणारी लाळ आणि शरीराच्या संरक्षक पेशी तिला जागच्या जागी ठेवतात. यातले काही ढळले की ती लांब तंतू काढते, आतल्या नाजूक त्वचेत शिरते, आणि तिच्या पेशी, मेलेली त्वचा व अन्नाचे कण मिळून तो पांढरा थर तयार होतो. तान्ह्या बाळात प्रतिकारशक्ती अजून घडायची असते म्हणून, म्हातारपणी लाळ आटते म्हणून, रक्तातली साखर वाढली म्हणून, प्रतिजैविकांनी जिवाणू मारले म्हणून, स्टिरॉइडने संरक्षण दबले म्हणून. कारणे बदलतात, थर तोच राहतो. या पुस्तकाचे सगळे म्हणणे एवढ्यात आले: थर घालवायला औषध आहे आणि ते स्वस्त आहे; पण तो याच तोंडात, आत्ताच का आला, हे विचारल्याशिवाय उपचार पुरा होत नाही.

पुस्तक लिहिताना आम्ही एक गाव डोळ्यांसमोर ठेवले. रायगड जिल्ह्यातले, पेण आणि रोह्याच्या टापूतले गागोदे बुद्रुक. विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. आम्हाला ते हवे होते ते अशा गावातल्या रोजच्या अडचणीसाठी. भातशेती, आसपासच्या डोंगरपट्ट्यात ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, कामाला पनवेल-मुंबईकडे गेलेली तरणी माणसे, घरी सासू-सासरे, सून आणि लहान मुले. बाळंतपण पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात होते, पण नंतर बाळाच्या तोंडात पांढरे आले एवढ्यासाठी कुणी दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे मोडून पेणला जात नाही. मग उपाय घरातून येतो किंवा मेडिकलच्या दुकानातून. आपल्याकडे तोंडातल्या बहुतेक दुखण्यांना ‘तोंड आलं’ एवढेच म्हणतात, आणि दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या येतात. जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेले तोंड त्यांनी बरे होते. बुरशीने आलेले तसेच राहते आणि माणूस म्हणतो, औषध लागू पडले नाही. अशा घरात उपयोगी पडेल ते पुस्तक, ही आमची कसोटी होती.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता. त्या पावसाळ्यात गागोद्यातल्या एखाद्या तान्ह्याच्या तोंडात हा थर आला असेल तर त्याच्या आईजवळ टाकणखाराची लाही, मध, फार तर ज्येष्ठमध एवढेच होते. पण युरोपात तोवर या बुरशीची ओळख पटून अर्धशतक उलटले होते. १८३९ मध्ये बर्नहार्ड फॉन लांगेनबेक या जर्मन वैद्याला विषमज्वरासारख्या तापाने गेलेल्या रुग्णाच्या अन्ननलिकेत ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. त्याने तिचा संबंध त्या तापाशी जोडला. स्टॉकहोममध्ये फ्रेडरिक बेर्ग आणि पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रूबी यांनी १८४० च्या आसपास बाळांच्या तोंडातल्या थराशी तिचे नाते पक्के केले. त्या काळी युरोपातल्या अनाथ अर्भकांच्या आश्रमांत हा आजार घर करून असे. दाटीत ठेवलेली, आईच्या दुधाला पारखी झालेली ती मुले होती. १८५३ मध्ये शार्ल रोबँ याने तिला ऑइडियम अल्बिकन्स म्हटले, आणि १९२३ मध्ये ख्रिस्तिन बेर्खाउट या डच संशोधिकेने आजचे कॅन्डिडा हे कूळ मांडले. शोध लागला, नावे ठरली, पण १८९५ मध्ये पॅरिसच्या आईकडेही गागोद्याच्या आईपेक्षा फार वेगळे औषध नव्हते. तिथेही टाकणखारच वापरत, फक्त ग्लिसरीनमध्ये कालवून.

आपल्या परंपरेत मुखरोगांचा विचार फार जुना आणि फार बारकाईचा आहे. सुश्रुताने तोंडाची सात स्थाने धरून ६५ मुखरोग सांगितले, वाग्भटाने ७५. संपूर्ण तोंड व्यापणाऱ्या रोगांत त्यांनी दोषांनुसार भेद केले आणि कवल, गंडूष, प्रतिसारण असे उपचार दिले: औषधी काढा तोंडात खुळखुळवणे, तोंडभर धरून ठेवणे, चूर्ण किंवा मध बोटाने चोळणे. त्यांच्यापुढे सूक्ष्मदर्शक नव्हता, म्हणून आजची बुरशी त्यांच्या कोणत्या एका रोगात नेमकी बसवण्याचा खटाटोप आम्ही केलेला नाही. त्यांची एक दृष्टी मात्र आजही जशीच्या तशी घेण्याजोगी आहे. तोंडाकडे त्यांनी सुटा अवयव म्हणून पाहिले नाही. पचन, आहार, निद्रा, दुर्बलता यांच्याशी जोडून पाहिले. कोकणातल्या घरांत त्या ज्ञानाचे अंश आहेत. जाईची किंवा पेरूची कोवळी पाने चघळणे, कात लावणे, खोबरेल तेल तोंडात धरणे. मोठ्या माणसाला यांनी आराम पडतो, अपाय होत नाही, आणि आम्ही ते करू नका असे म्हणणार नाही. बुरशी मुळासकट जाते असेही म्हणणार नाही.

टाकणखार आणि मधाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे, कारण हा उपाय अजून घराघरात आहे आणि प्रेमापोटी केला जातो. टाकणखारात बोरॉन असते. तान्ह्याचे मूत्रपिंड ते लवकर बाहेर टाकू शकत नाही आणि ते साठत जाते. १९७३ मध्ये कॅनडातून आणि १९८३ मध्ये ब्रिटनमधून अशा बाळांची नोंद झाली की, ज्यांच्या चोखणीला टाकणखार-मध लावून दिले होते आणि त्यांना झटके येऊ लागले. चोखणी बंद केल्यावर झटके थांबले. मधाचा धोका वेगळाच. त्यात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि बाळ लुळे पडू शकते. म्हणून एक वर्षापर्यंत मध नाही आणि बाळाच्या तोंडात टाकणखार कधीच नाही. सहाणेवर उगाळलेली बाळगुटीही पहिल्या सहा महिन्यांत नको. न उकळलेले पाणी आणि नीट न धुतलेली सहाण बाळाच्या तोंडापर्यंत पोचते. आजीला दुखवून हे सांगता येत नाही. तिने चार मुले याच उपायांवर वाढवली असतात. तिला सांगायचे ते असे की, तुमच्या वेळी दुसरे औषध नव्हते, आता आहे.

मधल्या काळात एक जांभळे औषध आले. जेन्शियन व्हायोलेट हा मुळात कापडाचा रंग; १९२५ मध्ये त्याचा या आजारावरचा वापर अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला आणि पुढची अनेक दशके जगभरच्या दवाखान्यांत बाळांचे ओठ जांभळे दिसत राहिले. आपल्याकडच्या आरोग्यसेविकांनाही ते शिकवले गेले: हात धुवा, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने बाळाचे तोंड पुसा, निम्म्या ताकदीचा, म्हणजे पाव टक्क्याचा रंग लावा, पुन्हा हात धुवा. औषध स्वस्त होते, गुण येत होता. पण जास्त ताकदीचे लावले तर तोंडात व्रण पडतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कर्करोगाची शंका पुढे आल्यावर कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ मध्ये त्याबद्दल इशारा दिला. जिथे दुसरे काही मिळतच नाही तिथे पाव टक्क्याचे द्रावण थोडे दिवस वापरणे समजू शकते. पेण-रोह्याच्या दुकानांत चांगली औषधे मिळत असताना त्याची गरज उरलेली नाही.

खरी कलाटणी आली ती एका विचित्र कोंडीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन आणि त्यामागून इतर प्रतिजैविके आली, न्यूमोनिया-सेप्सिसने मरणारी माणसे वाचू लागली, आणि त्याच माणसांच्या तोंडात बुरशी माजू लागली. जिवाणू मारणारे औषध होते, बुरशी मारणारे सुरक्षित औषध नव्हते. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या दोन स्त्रियांनी ते शोधले. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीतले सूक्ष्मजीव वाढवत, रेचल ब्राउन ऑल्बनीत त्यांतली द्रव्ये वेगळी करत. नमुने काचेच्या बरण्यांतून टपालाने जात-येत. व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीतून त्यांना हवे ते मिळाले. १९५० मध्ये त्यांनी ते जाहीर केले आणि आपल्या राज्यावरून त्याला निस्टॅटिन नाव दिले. त्याच्या स्वामित्वधनाचे १ कोटी ३० लाखांहून अधिक डॉलर्स त्यांनी स्वतःसाठी न घेता विज्ञान संशोधनाला दिले. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते, माणसाच्या पेशीत नसते. निस्टॅटिन त्याला चिकटते, आवरणाला भोके पडतात, बुरशी मरते. आतड्यातून ते रक्तात जवळजवळ शोषले जात नाही, म्हणून तान्ह्या बाळालाही देता येते. सत्तर वर्षांनंतरही बाळाच्या तोंडातल्या बुरशीवर ते पहिल्या पसंतीच्या औषधांपैकी आहे.

यानंतरचा भाग मराठी वाचकांना सहसा सांगितला जात नाही, म्हणून आम्ही त्यावर पुस्तकात मुद्दाम जास्त पाने दिली. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिला. आजूबाजूचे लोक त्याला एच. ए. कंपनी म्हणतात. स्वस्त पेनिसिलिन देशातच करणे हे त्याचे काम, आणि १९५५ मध्ये ते सुरूही झाले. पण तिथल्या प्रयोगशाळेने एवढ्यावर समाधान मानले नाही. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या एका नव्या जातीपासून, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, बुरशीविरोधी प्रतिजैविक वेगळे काढले. औषधाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन म्हटले आणि त्या जातीला पिंपरीवरून पिंप्रिना. निस्टॅटिनच्याच घराण्यातले, एर्गोस्टेरॉललाच गाठणारे हे औषध. त्याचे द्रावण तोंडातल्या बुरशीवर भारतात वापरले गेले. ज्या देशाने काही वर्षांपूर्वीच स्वतःचे पहिले पेनिसिलिन तयार केले होते, तो नवे प्रतिजैविक शोधून जगापुढे ठेवत होता. पुढे परदेशी औषधांच्या लाटेत हॅमायसिन मागे पडले. सार्वजनिक क्षेत्रातल्या संशोधनाची आपण किती थोडी कदर केली याचे हे ठळक उदाहरण आहे, असे आम्हाला वाटते.

त्या लाटेत आलेल्या औषधांचे घराणे अझोल्सचे. क्लोट्रिमेझोलचे तोंडात लावायचे द्रावण आज आपल्या दुकानांत सर्वात सहज मिळते. मायकोनेझोलचे जेल मिळते, पण ते चिकट असते. चार महिन्यांखालच्या बाळाच्या घशात अडकून श्वास कोंडू शकतो, म्हणून तिथे ते टाळायचे. नव्वदच्या दशकापासून फ्लुकोनेझोलची गोळी हाताशी आली. तिने घशाच्या आणि अन्ननलिकेच्या बुरशीचे चित्रच बदलले. पण ती रक्तात जाते, मुख्यतः मूत्रपिंडातून निघते, रक्त पातळ करणाऱ्या आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांचा परिणाम वाढवते. मधुमेही माणसाने ती मनाने घेतली तर साखर एकदम उतरून चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. गरोदर बाईने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

औषधांचा हा प्रवास सांगताना तीन दृष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. बुरशी मारा, असे सांगणारी एक; ती औषधशाळेची. शरीर सावरा म्हणजे बुरशी आपोआप मागे हटेल, असे सांगणारी दुसरी. तिच्यात आयुर्वेदाचे वैद्य आणि आधुनिक प्रतिकारशास्त्राचे तज्ज्ञ एकमेकांना न भेटता शेजारी बसलेले आहेत. आणि तिसरी, सवयी बदला म्हणणारी: दंतवैद्य, परिचारिका, आशाताई म्हणजे गावातली आरोग्यसेविका. या तिसरीला मान सर्वात कमी आणि फायदा सर्वात जास्त, असा आमचा अनुभव आहे.

दुसऱ्या दृष्टीला तिचे महत्त्व फार क्रूरपणे पटवून दिले गेले. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग केंद्राने लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची माहिती छापली. एरवी धडधाकट, पण दुर्मीळ न्यूमोनियाने आजारी. पाचही जणांना कॅन्डिडाचा संसर्ग होता. एड्सबद्दलचा तो जगातला पहिला अहवाल. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत पहिले एचआयव्हीबाधित आढळले, आणि नंतरच्या वर्षांत मुंबई, पुणे, सांगलीच्या दवाखान्यांत तरुण माणसाच्या टाळूवरचा पांढरा थर बघून डॉक्टरांच्या मनात काय येई हे त्या पिढीला विचारावे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, सुरू झाली आणि हे चित्र पालटले. तरी नियम तोच आहे. मोठ्या माणसाला कवळी नाही, पंप नाही, हल्ली प्रतिजैविके घेतलेली नाहीत आणि तरीही तोंडात बुरशी आली, तर साखर आणि एचआयव्ही दोन्ही तपासावे. २०१७ च्या कायद्याने ही तपासणी संमतीनेच होते आणि तिचा निकाल गुप्त राहतो. गावात कुणाला कळेल या भीतीने तपासणी टाळणाऱ्याला हे आधी सांगितले पाहिजे.

तिसऱ्या दृष्टीचे सर्वात मोठे उदाहरण महाराष्ट्रातच घडले, आणि ते बुरशीपुरते नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. त्यावरूनच पुढे देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई भेटते. तोंडातली बुरशी बहुधा दुसऱ्या आठवड्यापासून दिसू लागते, म्हणजे नेमकी या भेटींच्या काळात. बाळ पीत नाही ही तक्रार तिच्या कानावर पहिल्यांदा येते. तिने बाळाचे तोंड उजेडात उघडून बघितले, आईच्या स्तनाग्रांना जळजळ किंवा भेगा आहेत का विचारले, तर निदान तिथेच होते. निस्टॅटिनचे द्रावण एका मिलिलिटरमध्ये एक लाख युनिटचे येते. दिवसातून चार वेळा, पाजून झाल्यावर, एक मिलिलिटर दोन्ही गालांत अर्धे-अर्धे, आणि थर गेल्यावरही आणखी दोन दिवस. औषध डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी ठरवून द्यावे. ते कसे घालायचे हे घरी दाखवणारी आशाच असते. आईला लक्षणे असतील तर दोघांचा उपचार एकदम करायचा, नाहीतर बुरशी आईकडून बाळाकडे आणि बाळाकडून आईकडे फिरत राहते. अंगावर पाजणे मात्र एक दिवसही थांबवायचे नाही. गरोदरपणी अंगावर पांढरे जात असेल आणि खाज असेल तर तेव्हाच उपचार घेतला की बाळंतपणात बाळाला होणारा संसर्ग टळू शकतो.

बाटली हा या आजाराचा सर्वात मोठा मित्र. बुचाच्या खाचेत, रबरी निपलात दूध आंबते आणि बुरशी वाढते. १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांची आणि बाळदुधाची जाहिरात बंद केली, पण बाटली घरात येतेच. वरचे दूध द्यावेच लागले तर वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले चांगले. उघडे असते, घासता येते, उकळता येते. कातकरी कुटुंबांबद्दल इथे वेगळे सांगावे लागते. दिवाळीनंतर ती वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर आशाताई नसते, अंगणवाडी नसते, आई दिवसभर विटा पाडते आणि बाळ मोठ्या बहिणीच्या कडेवर असते. कुपोषण आणि बुरशी अशा ठिकाणी एकमेकांना वाढवतात: खाल्ले जात नाही म्हणून अशक्तपणा, अशक्तपणा म्हणून बुरशी. औषधाच्या थेंबांची बाटली हा त्या बाळाचा पुरा उपचार होऊ शकत नाही.

म्हाताऱ्यांची बाजू थोडक्यात सांगता येते, कारण उपाय साधे आहेत. कवळी रात्री काढून ठेवायची, ब्रशने घासायची, पाण्यात भिजत टाकायची, हिरड्या मऊ फडक्याने पुसायच्या. ढिली झालेली कवळी दुरुस्त करून घ्यायची. ओठांच्या कोपऱ्यांना पडणाऱ्या चिराही पुष्कळदा याच बुरशीच्या असतात. क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश आणि निस्टॅटिन एकाच वेळी वापरू नयेत, कारण एकमेकांचा गुण मारतात. पंप घेतल्यावर खळखळून गुळणी करून थुंकायची, शक्य असेल तर स्पेसर लावायचा. पंप मात्र बंद करायचा नाही. बुरशीच्या भीतीने पंप सोडून दम्याचा झटका ओढवून घेणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत.

मिश्रीबद्दल गप्प बसता येणार नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायका सकाळी जळलेली तंबाखू हिरड्यांना घासतात. त्यांच्या तोंडातला पांढरा चट्टा पुसून निघत नसेल तर त्याला बुरशी समजून महिनोन्महिने औषध लावत बसू नये. तो कर्करोगाआधीचा चट्टा असू शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, मिश्री घराघरात चालू आहे. दोन आठवड्यांच्या उपचाराने न गेलेला कोणताही पांढरा किंवा लाल चट्टा दंतवैद्याने बघितलाच पाहिजे.

हे पुस्तक आत्ताच का, याचे उत्तर २०२१ च्या उन्हाळ्यात आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्र हादरला, आणि पाठोपाठ ‘पांढऱ्या बुरशी’च्या बातम्यांनी लोक आणखी घाबरले. जिभेवर थर दिसला की माणसे डोळा काढावा लागेल म्हणून रडत येत. म्युकर आणि कॅन्डिडा या दोन वेगळ्या बुरशा आहेत आणि तोंडातला साधा थर डोळ्यापर्यंत जात नाही, हे सांगायला मराठीत हाताशी काही नव्हते. दोन्हींच्या मागे मात्र वाढलेली साखर आणि स्टिरॉइड हीच कारणे होती. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशांची पहिली यादी काढली आणि सर्वात वरच्या गटातल्या चारांत कॅन्डिडा अल्बिकन्सला बसवले. तिची बहीण कॅन्डिडा ऑरिस, २००९ मध्ये जपानमध्ये ओळखली गेलेली, अनेक औषधांना जुमानत नाही आणि रुग्णालयांत पसरते. सर्दी-तापाला प्रतिजैविके, अंगदुखीला स्टिरॉइड आणि प्रत्येक पांढऱ्या डागाला फ्लुकोनेझोल, ही चाल अशीच राहिली तर आज चार दिवसांत जाणारा थर उद्या जाणार नाही.

पुस्तकाची मांडणी रोगाच्या प्रकारांवर न करता माणसांवर केली आहे: तान्हे बाळ, गरोदर आणि अंगावर पाजणारी आई, कवळी लावणारे, पंप घेणारे, साखरेचे रुग्ण, कर्करोगाचे उपचार घेणारे, एचआयव्हीसह जगणारे. प्रत्येक ठिकाणी आधी काय बघायचे, मग काय विचारायचे, मग काय द्यायचे, हा क्रम ठेवला आहे. रक्तात पसरणाऱ्या बुरशीचा उपचार इथे नाही. तो अतिदक्षता विभागाचा विषय आहे. ताप, गिळताना छातीत दुखणे, बाळाने पिणे पूर्ण सोडणे ही लक्षणे दिसली तर पुस्तक मिटून थेट रुग्णालय गाठावे.

ज्या आशाताई, अंगणवाडी सेविका आणि मेडिकलवाले हे वाचतील त्यांना विनंती आहे की, हे पुस्तक कपाटात ठेवू नका. वाडीवरच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, न पटलेले आम्हाला कळवा, आणि दिवाळीनंतर भट्टीवर निघणाऱ्या कुटुंबांना त्यातले बाळाच्या दुधाचे प्रकरण निघण्याआधी ऐकवा.